सगुणाबाई आणि न सापडलेले लाभार्थी

शिरूरला एसटी स्टँडजवळच्या गल्लीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. धंदा म्हणाल तर चेहऱ्यांचा. वाढदिवस असो, सोसायटीची निवडणूक असो नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली, गिऱ्हाइकाला आधी स्वतःचा चेहरा मोठा पाहिजे असतो, मजकूर काय वाटेल तो घाला. एकाने तर वडिलांच्या दशक्रियेच्या फ्लेक्सवर वडिलांपेक्षा स्वतःचा फोटो मोठा लावून घेतला. मी लावला. माझ्या बापाचं काय जातंय? शिवाय जत्रा-लग्नांत फोटो काढायची कामंही घेतो, त्यामुळे या दोन तालुक्यांतले बहुतेक चेहरे माझ्या कॉम्प्युटरात पडून आहेत.

अशा दुकानात सगुणाबाई कोळपे आल्या आणि म्हणाल्या, फ्लेक्स पाहिजे, पण त्यावर चेहरा कुणाचाच नको. रांगेतल्या दोघांना कोपराने बाजूला सारून त्या थेट टेबलापाशी आल्या होत्या. साठीच्या जवळ आलेलं वय, हिरवं नऊवारी, कपाळाला भंडाऱ्याचं बोट आणि पायात चांगल्या जाड पुरुषी चपला. बाजाराच्या दिवशी शेंगदाण्याची चटणी आणि गोधड्या विकायला टेबल मांडायचं होतं, त्याच्या मागे फ्लेक्स हवा होता. विकणारी संस्था 'थारा'. थारा म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. मी धंद्यातला शहाणपणा पाजळला. म्हटलं, मावशी, दोन-चार मुलींचे हात जोडलेले फोटो टाकू, लोकांना कणव येते, चटणी पटापट खपेल.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "जालिंदरभाऊ, तुमच्या लेकीचा लावा की मग."

त्यानंतर मी त्यांना फोटोविषयी काही सुचवलं नाही. खरं सांगायचं तर मी त्यांना घाबरून असतो.

थारा ही गावाबाहेर, नदीच्या अंगाला, भाड्याच्या घरात चालणारी संस्था. कामाचं किंवा लग्नाचं आमिष दाखवून विकलेल्या मुली पोलिसांनी कुठल्यातरी लॉजवरून सोडवल्या, की ज्यांना परत जायला घर नाही त्या इथे येतात. केस चालते, शाळा-कॉलेज होतं, हाताला काम लागतं, तोवर राहतात. कागदावर संस्था पुण्याच्या प्रतिभाताईंची, आणि ताई कामाला वाघ आहेत, कोर्टाचे सगळे हेलपाटे त्याच घालतात. पण घर सगुणाबाईंचं. त्या बारा-तेरा वर्षांपूर्वी स्वयंपाकाला म्हणून लागल्या. मग रात्री कुणी दचकून उठलं तर तिच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिथेच राहिल्या, आणि पुढे कधीतरी सगळ्यांच्या लक्षात आलं की घरातली शेवटची सही प्रतिभाताईंची आणि शेवटचा शब्द सगुणाबाईंचा.

त्यांचा जन्म मेंढरांच्या वाड्यावरचा, म्हणजे रानातल्या मुक्कामावरचा. लहानपणी कोकरांबरोबर घोड्याच्या पाठीवर बांधून त्यांना गावोगाव नेलं, हे त्या मोठ्या अभिमानाने सांगतात. लग्न करून दौंड तालुक्यात भीमेकाठच्या गावी दिलं. नवरा म्हस्कू कोळपे, मेंढरं विकून शेती करणाऱ्यांतला. माणूस भला होता, लवकर गेला. मूलबाळ झालं नाही. शेत दिराकडे देऊन बाई बाहेर पडल्या, पण गाव सोडलं नाही. जत्रेला जायचं, दोन दिवस चुलीपुढे बसून गावच्या लेकींना जेवू घालायचं आणि परत यायचं.

आता त्यांनी जो घोळ घातला तो ऐका.

थाऱ्याचा बराचसा खर्च एक कंपनी उचलायची. तिच्या सीएसआरचा साहेब एकदा पाहणीला यायचा होता. प्रतिभाताईंनी आदल्या दिवशी फोन केला, की साहेबांबरोबर कॅमेरावाला आहे, जरा सगळं नीट ठेवा. कॅमेरावाला म्हटल्याबरोबर सगुणाबाईंचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या मुलींना टेम्पोत बसवलं आणि इनामगावच्या बाजूला त्यांचा भाऊ भैरू मेंढरं घेऊन उतरला होता तिथे धाडून दिलं. मुलींनी दिवसभर कोकरं कडेवर घेतली, नदीत पाय सोडले. इकडे साहेब आला तर घर सारवल्यागत लख्ख आणि आत चिटपाखरू नाही.

साहेबाने विचारलं, मुली कुठे आहेत? सगुणाबाई म्हणाल्या, हायत की, आणि त्याला बाजरीची भाकरी वाढली. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा भाकरी वाढली. मटण होतं, ठेचा होता, वाटीभर दही होतं. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. कॅमेरावाल्याने तर तीन भाकऱ्या खाल्ल्या म्हणतात. साहेब भरल्या पोटाने गेला आणि महिन्याभराने त्याचा अहवाल आला. पाहणीच्या वेळी संस्थेत एकही लाभार्थी आढळला नाही. आतिथ्य उत्तम.

मदत बंद झाली.

प्रतिभाताई फोनवर रागावल्या. मग त्यांनी कंपनीला पत्रं लिहिली, स्वतः जाऊन भेटल्या, पण वरच्या साहेबांनी पैसे दुसरीकडे वळवले होते. शिल्लक होती ती मे संपेपर्यंत पुरणार होती. त्यानंतर घर सोडायचं आणि मुलींना दोघी-तिघी करून वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वसतिगृहांत पाठवायचं. या मुलींना एकदा उचलून नेलेलंच होतं, आता पुन्हा पेट्या भरायच्या. त्यातली एक तर नुकती कुठे दिवा मालवून झोपायला लागली होती. सगुणाबाई माझ्या दुकानात स्टुलावर बसून हे सांगत होत्या आणि मधेच म्हणाल्या की माझ्यामुळे झालंय, तर निस्तरायला मलाच पाहिजे. मी चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून एका दमात संपवला आणि मला गाडी काढायला लावली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडी मी माझं दुकान सोडून सगुणाबाईंना मागे बसवून किती हिंडलो, ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. शिक्रापूरच्या बाजूला कंपन्यांच्या गेटवर जायचो. ट्रकच्या रांगा चुकवत गाडी लावेपर्यंत सगुणाबाई पुढे. गेटवरचा परप्रांतीय गार्ड विचारायचा, किससे मिलना है? त्या म्हणायच्या, "जिसके हातात चेकबुक हाय, उसको." बहुतेक ठिकाणी गार्डने आम्हाला पाणी दिलं. दोन ठिकाणी आतही बसवलं. आतले साहेब भले होते, पण प्रत्येकाची सुई एकाच जागी अडकायची. मुलींचे आधीचे फोटो आहेत का? आत्ताचे? एखादी आमच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलेल का? सगुणाबाई उठायच्या आणि चपला घालायच्या.

एका पुढाऱ्याने तर सरळ सौदा सांगितला. त्याच्या वाढदिवसाला मुलींनी स्टेजवर येऊन ओवाळायचं आणि तिथेच चेक घ्यायचा. त्याचा फ्लेक्स छापायला माझ्याकडेच आला होता, मजकुरात 'पीडित भगिनींचा पाठीराखा' होतं. सगुणाबाईंनी त्याला निरोप दिला की भगिनी येणार नाहीत, मी येते. आणि खरंच गेल्या. ओवाळलं, केकचा मोठा तुकडा खाल्ला, थाऱ्यातल्या मुलींसाठी उरलेला अर्धा केक डब्यात भरून घेतला. चेक काही मिळाला नाही. पण केक चांगला होता असं त्यांनी मला सांगितलं.

मग त्यांना मेंढरं आठवली. खरंतर आधीच आठवायला हवी होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरांचा वाडा आपल्या शेतात बसवून घेतात. रात्रभर मेंढरं तिथे बसतात, लेंड्या-मुताचं खत पडतं आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो किंवा रोख देतो. आता आमच्या भागात वाडे थोडे राहिले, त्यामुळे त्यांना मान आहे. चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. सगुणाबाई भावाकडे गेल्या आणि म्हणाल्या, एक रात माझी. भैरू म्हणाला, दोन घे. मग तो पुढच्या वाड्याला बोलला, त्याने त्याच्या पुढच्याला सांगितलं. ज्या शेतात वाडा बसेल त्या शेतकऱ्याने त्या रातीचं धान्य भैरूला न देता थाऱ्यावर पोचवायचं. यात कुणी घासाघीस केली नाही, पावती मागितली नाही, फोटो तर नाहीच. कंपनीच्या साहेबांना जे उमगत नव्हतं ते मेंढरांच्या मागे चालणाऱ्याला सांगायची गरज पडली नाही. थाऱ्याच्या पडवीत बाजरीची, ज्वारीची पोती लागली. कुणी गूळ पाठवला, कुणी कांदे.

मी म्हटलं, जिंकलात मावशी. तर म्हणाल्या, घरमालक भाड्यात बाजरी घेत न्हाई. ते खरंच होतं. पोटाची सोय झाली, पण भाडं होतं, कॉलेजची फी होती, मुलींशी बोलायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. मे जवळ येत होता. त्या रात्री थाऱ्यात काय बोलणं झालं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंच्या तोंडावर मी पहिल्यांदा थकवा बघितला आणि मला अजिबात आवडला नाही.

त्यांच्या सासरच्या गावची जत्रा चैत्रात. तिथे आता एक नवी रीत पडली आहे आणि मला ती मनापासून आवडते. गावच्या जेवढ्या लेकी लग्न होऊन बाहेर गेल्यात, त्या जत्रेला एकत्र येतात. मांडवात एकेक उठते, आपलं नाव, आई-बापाचं नाव आणि सासरचं गाव सांगते, आणि ऐपतीप्रमाणे काही देते. त्यातून देवाला काही ना काही होतं. एका वर्षी घंटा झाली, एका वर्षी पायऱ्यांना फरशी. संध्याकाळी प्रत्येक लेकीला खण-नारळ देऊन पाठवायचं. यंदा देवावर चांदीची छत्री करायचं घाटत होतं. सगुणाबाईंच्या डोक्यात आलं की या वर्षीचे पैसे थाऱ्याला मिळाले तर वर्षाची चिंता मिटते.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष पोपटराव. बागायतदार माणूस, कारखान्याच्या राजकारणात मुरलेला, पण कोत्या मनाचा नाही. सगुणाबाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा मी होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान खाल्लं आणि सांगितलं, "वैनी, लेकींच्या पैशात लेकींनीच बोलायचं, असा नेम हाय. सुनांनी न्हाई. माझी मंडळीबी त्यात बोलत न्हाई. तुमची लेक असती तर मांडवात उठून बोलली असती, मी कोण अडवणार?"

त्यांना लागेल असं बोलायचं नव्हतं. पण परत येताना सगुणाबाईंनी मला वाटेत कुठे चहालाही थांबू दिलं नाही. हे माझ्या ओळखीत पहिल्यांदाच झालं. मला पोपटरावांचा फार राग आला, आणि नियमाचाही.

जत्रेच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेलो, कमिटीचं काम होतं. मांडव भरलेला. सगुणाबाई नेहमीप्रमाणे मागे चुलाणापाशी, पुरणाच्या घमेल्याला टेकून. दुपारी दौंडकडून आलेल्या एसटीतून एक मुलगी उतरली. निळी साडी नेसली होती आणि ती तिला अजून चालताना आवरत नव्हती. ही अंकिता.

अंकिताला मी ओळखत होतो. सोळाव्या वर्षी मावशी म्हणवणाऱ्या बाईने तिला कामाच्या नावाखाली लांबच्या जिल्ह्यातून आणून विकलं होतं. थाऱ्यात आली तेव्हा तिला नाव विचारलं की ती लॉजवाल्यांनी ठेवलेलं नाव सांगायची. आता केस संपली, लॉजवाला तुरुंगात गेला. ती बावीस-तेवीस वर्षांची झाली, शिक्रापूरला पॅकिंगमध्ये कामाला लागली, मैत्रिणींबरोबर खोली करून राहायला लागली आणि सुट्टीच्या दिवशी थाऱ्यात येऊन सगळ्यांचे कान पिळायला लागली. पोपटराव काय म्हणाले ते तिला कुणी सांगितलं असेल? मी नाही. बहुतेक मीच.

सगुणाबाईंनी तिला बघितलं आणि त्या चुलाणापासून उठल्या. तू कशाला आलीस, ही एसटी परत फिरायच्या आत बस त्यात, असं त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. त्यांना लगेच कळलं होतं ती कशाला आली ते. ज्या बाईने बारा वर्षं एकीचाही चेहरा बाहेर जाऊ दिला नाही आणि त्यापायी कंपनीच्या पैशावर पाणी सोडलं, तिला हे घर वाचवण्यासाठी अंकिताचा चेहरा मांडवभर दाखवायचा नव्हता. घर गेलं तरी चालेल, असंही त्या म्हणाल्या. अंकिताने ऐकून घेतलं, त्यांच्या हाताला लागलेलं पुरण बोटाने काढून खाल्लं आणि मांडवात जाऊन बसली.

लेकी एकेक उठत होत्या. सगळ्यांत थोरली सरूबाई, पोपटरावांच्याही आत्याच्या वयाची, खुर्चीत बसूनच बोलली. मग पोपटरावांनी माईकवर विचारलं, आणखी कुणी लेक राहिली का? अंकिता उठली.

"मी अंकिता. सगुणाबाई आन् म्हस्कू कोळप्यांची लेक. सासर न्हाई. शिक्रापूरला कामाला हाय."

कोळप्यांच्या घरी पाळणा हलला नाही हे त्या मांडवातल्या पोराटोरालाही माहीत होतं. सगुणाबाई कुठे काम करतात हेही माहीत होतं. दोन अधिक दोन करायला कुणाला वेळ लागला नाही आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. मागून सगुणाबाईंचा आवाज आला, खाली बस. ती बसली नाही. तिने पहिल्या पगारातून काढून ठेवलेलं पाकीट पुढे ठेवलं.

"माझ्या धाकट्या बहिणी थाऱ्यात हायत. त्यांचं घर मोडायला आलंय. त्यांना दुसरं माहेर न्हाई. छत्री पुढल्या साली करू. औंदा तेवढं घर वाचवा."

पोपटरावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्यांना नियम दाखवता आला असता, कागद मागता आला असता. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. तेवढ्यात सरूबाईने काठी आपटली.

"पोपट, तिकडं काय बघतुयास? लेकीनं मागितलंय. आमाला इचार."

पोपटरावांनी विचारलं. आधी सरूबाईचा हात वर गेला, मग तिच्या शेजारणीचा, आणि मग मला कॅमेऱ्यात मावेनात एवढे हात. नुसतं यंदाचं नाही, दर जत्रेला लेकींच्या देण्यातला अर्धा वाटा थाऱ्याला, असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, मग छत्री बारकी होईल. सरूबाई म्हणाली, होऊ दे, देव काय भिजतोय व्हय. पोपटराव हसले, आणि कारखान्याच्या सभेत घेतात तसा ठराव घेऊन मोकळे झाले. प्रतिभाताईंना मीच फोन लावून दिला. पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी खण-नारळ. लेकीला तिच्या आईने द्यायचा, आई नसेल तर घरातल्या थोरल्या सुनेने. नावं पुकारली जात होती आणि एकेक आई पुढे येत होती. अंकिताचं नाव आलं. सगुणाबाई चुलाणाआड. इतकी वर्षं याच मांडवात त्यांनी सगळ्या लेकींची ताटं वाढली होती, पण या बाजूला त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं. बायकांनी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी हळद-कुंकू लावलं, खण दिला, नारळ दिला. मी कॅमेरा खाली घेतला. थाऱ्यातली मुलगी समोर आली की माझा कॅमेरा आपोआप खाली जातो, सगुणाबाईंनी लावलेली सवय.

"मामा, काढा की," अंकिता म्हणाली. "सगळ्या लेकींचा काढला. माझाच का ऱ्हायला?"

मी सगुणाबाईंकडे बघितलं. त्या अंकिताकडे बघत होत्या. मग त्यांनी पोरीच्या कपाळावर आलेले केस मागे सारले, पदर नीट केला आणि तिच्या शेजारी सरळ उभ्या राहिल्या. मी फोटो काढला.

तो फ्लेक्सवर लावला नाही. एकच प्रत काढली, चांगल्या कागदावर, आणि थाऱ्यावर नेऊन दिली. सगुणाबाई पडवीत बाजरी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघितला.

"त्या सायबाला धाडा ह्यो," त्या म्हणाल्या. "लाभार्थी सापडली म्हणावं."

आणि फोटोतल्या स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.